आधी घड्याळ, मग ताट: दोन ते सहा वर्षांच्या मुलांचा दिनक्रम बसवताना

मुलाचं वजन जास्त आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी तूप बंद होतं, दुसरी पोळी नाकारली जाते आणि मोबाइल कपाटात जातो. तीन-चार दिवसांत मूल किरकिरं होतं, आईचा संयम संपतो, आजी स्वयंपाकघरात गुपचूप लाडू हातावर ठेवते. रविवारपर्यंत सगळं पूर्वीसारखं. अशा घरांत निर्धार कमी पडत नाही, क्रम चुकतो. दोन ते सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ताटाची पाळी बऱ्याच उशिरा येते. सुरुवात सकाळी उठण्याच्या वेळेपासून करायची असते.

दिनक्रमाचा वजनाशी काय संबंध, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत सारा अँडरसन आणि रॉबर्ट व्हिटेकर यांनी चार वर्षांच्या सुमारे ८,५५० मुलांची माहिती तपासून २०१० मध्ये तीन सवयींचा हिशोब मांडला: आठवड्यात पाचपेक्षा जास्त रात्री घरच्यांसोबत जेवण, रात्रीची किमान साडेदहा तास झोप आणि दिवसाला दोन तासांच्या आत स्क्रीन. तिन्ही सवयी असलेल्या मुलांत लठ्ठपणा १४.३ टक्के होता, एकही नसलेल्यांत २४.५ टक्के. ब्रिटनमधल्या सुमारे ११ हजार मुलांवरच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की तिसऱ्या वर्षी झोपेची वेळ अनियमित असलेली, आणि राग-रडू आवरणं जड जाणारी मुलं अकराव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त होती. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. वेळापत्रक लावलं म्हणजे वजन उतरेलच, अशी हमी त्यातून मिळत नाही. पण झोप अपुरी झालेलं, कधी काय मिळणार याचा अंदाज नसलेलं मूल स्वतःला थांबवू शकत नाही, हे कुठल्याही घरात संध्याकाळी सात वाजता बघायला मिळतं.

## पूर्वतयारी: मोजमाप आणि आठवड्याची वही

१. आधी खात्री करा की वजनाचा प्रश्न आहे. डोळ्यांवर विसंबू नका. गुटगुटीत बाळ हे आपल्याकडे कौतुकाचं, त्यामुळे जास्त वजनाचं मूल आपल्याला 'छान भरलेलं' वाटतं आणि योग्य वजनाचं मूल 'वाळलेलं'. पाच वर्षांखालच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर उंचीच्या मानाने वजन बघतात. पाचच्या पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा बीएमआय (वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) तक्ता वापरतात. नुसतं वयानुसार वजन पाहून चालत नाही, कारण उंच मुलाचं वजन जास्तच असणार. उंची अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला लावून मोजा. वजन दर वेळी त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत करा.

> थांबा: तक्ता मूल बारीक किंवा खुजं असल्याचं दाखवत असेल तर खाणं कमी करण्याचा विचारही करू नका. महाराष्ट्रात दोन्ही टोकं एकाच इमारतीत सापडतात. दिनक्रम मात्र दोन्ही मुलांना उपयोगी पडतो.

२. या खुणा असतील तर आधी डॉक्टर. वजन वाढतंय पण उंची थांबल्यासारखी आहे. मूल रोज घोरतं किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो. मान किंवा काखेची कातडी काळपट, जाडसर झाली आहे. तहान आणि लघवी एकदम वाढली आहे. यातलं काहीही वेळापत्रकाने सुटणार नाही.

३. सात दिवस फक्त नोंद करा. काहीही बदलू नका. उठण्याची वेळ, दुपारची झोप, खाल्ल्याच्या वेळा (काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं), स्क्रीन कधी आणि कोणी दिली, रात्री डोळा कधी लागला. पाळणाघरातल्या मावशींनाही विचारा: तिथे टीव्ही चालू असतो का, बिस्किटं किती वाजता देतात, मुलं दुपारी किती वेळ झोपतात. वही भरली की दोन गोष्टी हमखास दिसतात. मूल दिवसातून आठ-नऊ वेळा काहीतरी तोंडात टाकत असतं, आणि रविवारची झोप सोमवारपेक्षा दीड-दोन तासांनी सरकलेली असते.

> नेहमीची चूक: नोंदीच्या आठवड्यातच सुधारणा सुरू करणं. मग नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

## टप्पा १: मोठ्यांची बैठक, मुलाशिवाय

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढे तिथेच अडतात. मुलाला खाऊ घालणारे जितके हात घरात आहेत त्या सगळ्यांनी एकदा बसायचं: आई, बाबा, आजी-आजोबा, शक्य असल्यास सांभाळणाऱ्या ताई. आजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. दिवसभर मूल तीच सांभाळते, आणि 'माझ्या हातचं खाल्लं नाही' हे तिला खरोखर लागतं. तिला बंदी नको, काम द्या: चारचा खाऊ ठरवणं आणि देणं तिच्याकडे, पण चारलाच.

कागदावर तीनच नियम लिहून फ्रिजवर लावा:

- जेवताना कोणाच्याच हातात मोबाइल नाही. 'कोणाच्याच' मध्ये बाबाही आले.
- खाणं ठरलेल्या वेळी आणि बसून.
- रडणं थांबवायला खाऊ किंवा मोबाइल द्यायचा नाही.

चौथा नियम सुचला तरी तो लिहू नका. दहा नियमांचा कागद दुसऱ्या आठवड्यात कोणी वाचत नाही.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट पक्की करा: मुलासमोर वजनाबद्दल बोलायचं नाही. 'जाड्या', 'ढोल्या' प्रेमाने म्हटलं तरी नाही, आणि पाहुण्यांसमोर 'हिचं काही ऐकू नका, हिला खाऊ देऊ नका' हेही नाही.

## टप्पा २: उठण्याची वेळ, मग झोपेची

मुलाला साडेआठला जबरदस्तीने झोपवता येत नाही. सकाळी सातला उठवता मात्र येतं. म्हणून उठण्याची वेळ आधी ठरवायची आणि ती रविवारीही फार तर अर्ध्या तासाने सरकू द्यायची.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. दोन वर्षांच्या आसपास ११ ते १४ तास. उलटा हिशोब करा. सातला उठायचं, दुपारी सव्वा तास झोप, एकूण सव्वाअकरा तास हवेत, तर रात्री नऊला डोळा लागायला हवा. म्हणजे अंथरुणावर पावणेनऊला. शाळेची व्हॅन सव्वासातला येत असेल तर हे सगळं तासभर आधी. (फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला आहे. तुमच्या मुलाची शाळा त्याआधी भरत असेल तर पालकसभेत विचारायला हरकत नाही.)

बदलाचा क्रम असा ठेवा:

1. पहिले तीन-चार दिवस फक्त ठरलेल्या वेळी उठवा. पडदे उघडा, खोलीत उजेड येऊ द्या. रात्री कितीही उशीर झाला असला तरी उठवा.
2. दुपारची झोप तीनच्या आत संपवा. साडेपाचला उठलेलं मूल साडेदहाशिवाय झोपत नाही. दोष त्याचा नसतो.
3. मग रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. एकदम दीड तास ओढलात तर मूल अंधारात तासभर टक्क जागं राहील आणि झोपणं म्हणजे भांडण, असं शिकेल.
4. झोपेआधीची साखळी ठरवा आणि तिचा क्रम कधी बदलू नका: हातपाय धुणं, अर्धा कप साधं दूध, दात घासणं, एक गोष्ट, दिवा बंद. एकच गोष्ट. 'अजून एक'ला उत्तर 'उद्या'.
5. झोपेआधीचा तास दिवे मंद आणि टीव्ही बंद. प्रखर उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन लांबतं, आणि लहान मुलांत हा परिणाम मोठ्यांपेक्षा तीव्र असतो.

> अडचण जी प्रत्येक घरात निघते: 'बाबा साडेनऊला येतात, मग मुलाला भेटणार कधी?' सकाळी. रोज सकाळची वीस मिनिटं बाबांची: दात घासणं, आंघोळ, शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं. रात्री दमलेल्या बाबांच्या हातातल्या मोबाइलशेजारी बसण्यापेक्षा यात मुलाला बाबा जास्त मिळतात.

तपासा: दोन आठवड्यांनी मूल हाक न मारता किंवा एका हाकेत उठतंय का? नसेल तर झोप अजून कमी पडते आहे. टप्पा ३ कडे वळू नका.

## टप्पा ३: खाण्याच्या वेळा

खरी गाठ मुलात नसते, रात्रीच्या स्वयंपाकात असते. आई साडेसातला घरी, कुकर आठला, पोळ्या पावणेनऊला, पानं साडेनऊला. मूल सात वाजता भुकेने रडतं, म्हणून त्याला चहा-बिस्किट किंवा फरसाण मिळतं. साडेनऊला ते जेवत नाही, म्हणून मोबाइल लावून भरवलं जातं. या एका गाठीतून निम्मे प्रश्न तयार होतात, आणि ती सोडवायला मुलाला काही सांगावंच लागत नाही.

मुलाचं जेवण सव्वासातला व्हायला हवं. त्यासाठी सकाळच्या स्वयंपाकातच थोडं वरण आणि भाजी जास्त करून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी फक्त भात लावा. मुगाची खिचडी, थालीपीठ, दहीभात, अंडं-पोळी, भाज्या घातलेलं धिरडं यांतलं काहीही चालतं. वेगळं 'मुलाचं जेवण' शिजवत बसू नका. मोठ्यांचंच अन्न, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं. आणि मुलासोबत एक तरी मोठं माणूस त्याच वेळी पान घेऊन बसलेलं असावं. सगळं घर एकत्र बसलंच पाहिजे असा हट्ट धरलात तर पुन्हा साडेनऊ वाजतील. सगळ्यांचं एकत्र जेवण रविवारी दुपारी ठेवा.

शाळा नऊला भरत असेल तर चार वर्षांच्या मुलाचा दिवस साधारण असा पडतो: नाश्ता साडेसात, डबा साडेदहा, जेवण साडेबारा, खाऊ चार, जेवण सव्वासात. मध्ये दोन ते सव्वातीन तासांचं अंतर, दुपारच्या झोपेमुळे एकदा साडेतीन. या मधल्या वेळेत फक्त पाणी. अंतर राहिलं तरच भूक लागते, आणि भूक लागली तरच पोट भरल्याचंही कळतं. सतत चरणाऱ्या मुलाला दोन्ही कळत नाही.

वेळापत्रक मोडणाऱ्या काही गोष्टी 'खाणं' म्हणून मोजल्याच जात नाहीत. त्या वहीत शोधा:

- दूध. दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटरच्या वर गेलं की जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडतं. बाटली अजून चालू असेल तर आधी ती थांबवा.
- दुधात घालायची पावडर. डब्यामागे १०० ग्रॅममध्ये साखर किती ग्रॅम आहे ते वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं होतं, तरी आपल्या घरात ती अजून औषधासारखी दिली जातात.
- फळांचा रस. घरी काढलेला असला तरी रस हा रसच. फळ चावून खाऊ द्या.
- बाहेरून येणारं. पाहुण्यांची चॉकलेटं, सोसायटीतले वाढदिवस, गाडीत रडू नये म्हणून दिलेला वेफर्सचा पुडा.

मूल साडेपाचला 'भूक लागली' म्हणालं तर? पाणी द्या आणि शांतपणे सांगा, 'जेवण सव्वासातला.' मग त्याला बाहेर न्या. पहिला आठवडा ते रडेल. खरोखर भुकेलं वाटलं तर जेवणच वीस मिनिटं अलीकडे घ्या, पण मध्ये बिस्किट घुसवू नका.

> नेहमीची चूक: मुलाने जेवण नाकारलं म्हणून नऊ वाजता मॅगी. एकदा मिळाली की सव्वासातचं जेवण हा फक्त वाटाघाटीचा पहिला प्रस्ताव ठरतो. झोपेआधीचं अर्धा कप दूध जेवलेल्या आणि न जेवलेल्या, दोन्ही दिवशी तेवढंच. निरोगी मूल एका रात्री कमी जेवलं तर सकाळी नाश्ता नीट खातं.

## टप्पा ४: किती खायचं हे मुलाने ठरवायचं

इथे आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आड येते. 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' गोड आहे, पण पोट भरल्यावर आणखी पाच घास आत ढकलण्याचं ते उत्तम तंत्रही आहे. 'ताट स्वच्छ कर' हा संस्कारही तेच करतो: पोटाकडे लक्ष न देता ताटाकडे बघून थांबायला शिकवतो.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली वाटणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. किती, आणि खायचं की नाही, हे मुलाने. वजन जास्त असलेल्या मुलालाही हाच नियम. पालकांना इथे धडकी भरते: 'तो तीन पोळ्या मागेल!' पहिल्या काही दिवसांत मागेलही. खाणं हातातून काढून घेतलेल्या मुलाचं लक्ष खाण्यावरच अडकतं. पुढचं जेवण वेळेवर येणारच आहे याची खात्री पटली की मागणी बऱ्याचदा ओसरते.

कृती:

1. वाढताना कमी वाढा. चार वर्षांच्या मुलाला अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, अर्धी वाटी वरण-भात, कोशिंबीर. अन्न टाकायचं नाही हा संस्कार जपायचा असेल तर तो वाढणाऱ्याने जपावा.
2. मुलाने स्वतःच्या हाताने खावं. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सांडण्याकडे दुर्लक्ष करा.
3. आजीला भरवायचंच असेल तर एक खूण सगळ्यांनी पाळायची: तोंड वळवलं, ओठ मिटले किंवा ताट सरकवलं की घास थांबला. एकदा विचारा, 'पोट भरलं की अजून हवं?' दुसऱ्यांदा नाही.
4. नवी भाजी ताटात एक चमचा ठेवायची, बोलायचं काही नाही. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मूल चाखतं. दोडक्याची महती सांगून कोणी दोडका खाल्लेला नाही.
5. वीस-पंचवीस मिनिटांत पान उचला. चेहरा नेहमीसारखा.

> सावध: 'भाजी संपव, मग चॉकलेट.' या वाक्याने भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट पदक. गोड द्यायचं त्या दिवशी जेवणातच छोटा तुकडा वाढा, भाजी खाल्ली असो वा नसो. आणि घरात जे रोज नको ते आणूच नका. डब्यात दिसणाऱ्या बिस्किटासाठी चार वर्षांच्या मुलाने मन आवरावं ही अपेक्षा अवाजवी आहे; तेवढा लगाम त्याच्या मेंदूत अजून तयार होतो आहे.

तपासा: मुलाने स्वतःहून ताटात काही शिल्लक ठेवून 'बास' म्हटलं का? या टप्प्याची पावती तीच. त्या क्षणी 'अगं, एवढंच राहिलंय' म्हणालात की मागे गेलात.

## टप्पा ५: स्क्रीन, तीन हप्त्यांत

दोन ते पाच वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दिवसाला एक तासाची मर्यादा सांगते, तीही मोठ्यांच्या देखरेखीत. दोन वर्षांखाली अजिबात नाही. तीन तासांवरून एका तासावर एका दिवसात येऊ नका.

पहिला हप्ता: जेवताना बंद. स्क्रीनसमोर मूल तोंड उघडतं, चव आणि पोट दोन्हीकडे त्याचं लक्ष नसतं. पहिले काही दिवस ते निम्मंच जेवेल, ते धरून चाला. तिसऱ्या दिवशी हार मानून मोबाइल दिलात तर मूल एवढंच शिकतं की तीन दिवस रडलं की मिळतो. म्हणून लग्नाच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात हा हप्ता सुरूच करू नका.

दुसरा हप्ता: झोपेआधीचा तास. टप्पा २ नीट झाला असेल तर हे जवळजवळ झालेलंच असतं.

तिसरा हप्ता: एकूण वेळ. मोबाइलऐवजी टीव्हीवर दाखवा. टीव्ही खिशातून निघत नाही. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणारी सोय बंद करा. 'दहा मिनिटं' मुलाला कळत नाहीत, 'हे दोन संपले की बंद' कळतं. बंद झाल्याबरोबर हातात दुसरं काम द्या: मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी. रिकामा हात पुन्हा रिमोटकडे जातो.

## टप्पा ६: थांबायला शिकवणारे खेळ

यासाठी विकतचं काही लागत नाही. 'शिवाजी म्हणतो', 'डोंगराला आग लागली पळा पळा पळा', 'स्टॅच्यू', संगीत खुर्ची: या सगळ्यांत जोरात पळायचं आणि शब्द ऐकताच थांबायचं. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दिवसभरात एकूण तीन तास हालचाल सांगितली जाते, त्यातला तासभर दम लागेल अशी. खाऊनंतर पाच ते साडेसहा खाली सोडलंत तर बरंचसं तिथेच होतं. पावसाळ्यात जिना किंवा व्हरांडा.

रडू आलं की आधी नाव द्या: 'राग आलाय तुला, टॉवर पडला म्हणून.' जवळ बसा. खाऊ नको. बिस्किटाने थांबलेलं रडू मुलाला एवढंच शिकवतं की वाईट वाटलं की खायचं.

## सणवार, आजोळ, आजारपण

गणपतीत मोदक खायचेच. आजोळी मे महिन्यात सगळं सरकणारच. अशा दिवसांत फक्त दोन खांब धरून ठेवा: उठण्याची वेळ आणि स्क्रीनशिवाय जेवण. बाकी सोडा, आणि परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी ठरल्या वेळी उठवा. 'सोमवारपासून' म्हणू नका. तापात मात्र वेळापत्रक पूर्ण बाजूला ठेवा, मूल मागेल तेव्हा पाणी, पेज, दूध द्या, आणि बरं झाल्यावर टप्पा २ पासून आठवडाभर पुन्हा बसवा.

## तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

त्याआधी काट्यावर उभं करू नका. या वयात बहुतेक मुलांचं वजन उतरवायचं नसतं. उंची वाढत राहते आणि वजन सावकाश वाढलं किंवा थांबलं तरी तक्त्यावरचा बिंदू खाली येतो. बिंदू खाली झुकला असेल तर काहीही नवीन जोडू नका, तेच चालू ठेवा. तिथेच असेल तर वहीतला सर्वांत ढिला टप्पा शोधा. बहुतेकदा तो पाळणाघरातला किंवा शनिवार-रविवारचा निघतो. बिंदू अजून वर चढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाताना दोन्ही वेळची उंची-वजनं आणि शेवटच्या सात दिवसांची वही सोबत न्या. 'हा फार खात नाही हो, तरी वाढतो' या वाक्यापेक्षा त्या सात पानांवरून डॉक्टरांना जास्त कळतं.